चाळीस लाडू आणि आठशे कोटी माणसं

काळाचौकी,
मंगळवार

आदरणीय कौसल्या आत्यास,

राजरत्नचा सविनय जय भीम. आम्ही इकडे खुशाल. तुझा गुडघा, तुझी म्हैस आणि तुझा राग या तिघांची तब्येत कशी आहे ते कळव. (पहिल्या दोघांना आराम पडो, तिसऱ्याला जरा जास्तच पडो.) फोन का नाही केलास, असं म्हणशील. आत्या, फोनवर तू समोरच्याला 'हॅलो'च्या पुढे जाऊच देत नाहीस. पत्राचं बरं असतं, त्याला मध्येच 'गप बस मेल्या' म्हणता येत नाही.

तर डबा पोचला. शुक्रवारी सकाळी परळ डेपोत रामजी कंडक्टरने तो माझ्या हातात दिला आणि निरोपही दिला, की आत चाळीस आहेत, मोजून पूर्वीच्या हातात दे. मी काय समजायचं ते समजलो. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं होतं, तुझ्या लेकीने, पूर्वीने, गाव सोडून परळचं हॉस्पिटल धरलं, म्हणून तू दोन महिने तिच्याशी अबोला धरलास. नात झाली तरी आली नाहीस. आणि तरी दुखरा गुडघा घेऊन डिंक तळलास, खोबरं किसलंस, चाळीस लाडू वळलेस. तुझ्या तोंडून 'झालं गेलं विसरून जा' कधी निघायचं नाही, ते असं डब्यातून निघतं. वॉर्डात सोडतात चारनंतर, म्हणून मी डबा घेऊन आधी शाळेत गेलो. इथेच माझी मती मारली गेली.

त्या दिवशी नववीला जगाची लोकसंख्या आणि विषमता शिकवायची होती. पुस्तकात एक गोल आकृती आहे, तिच्याकडे बघून कुणाचं रक्त खवळत नाही, झोप मात्र छान लागते. म्हटलं, आपण जगच वर्गात आणू. मुलं चाळीस, माणसं आठशे कोटी, म्हणजे एक मूल बरोबर वीस कोटी. (वर्गातल्या मनवासारख्या वांड पोराला वीस कोटीने गुणायचं म्हणजे छातीत धस्स होतं, पण इलाज नाही.) जगाची संपत्ती म्हणून चाळीस खडू आणले होते. सगळ्यात श्रीमंत दहावा हिस्सा म्हणजे चार मुलं, त्यांना तीस खडू. मधल्या सोळांना मिळून नऊ. आणि खालच्या अर्ध्या जगाला, म्हणजे वीस मुलांना, मिळून एक. (खरं तर एकही पुरता होत नव्हता, मी उदार होऊन वरचा आकडा धरला.) तर नूपुर उभी राहून म्हणते, सर, खडू नाही मिळाला तर बिघडलं काय? पोरगी बरोबर होती गं! जे नसल्याने काही दुखत नाही, त्याची विषमता कसली? आणि टेबलावर तुझ्या डब्यातून तुपाचा असा घमघमाट सुटलेला!

खडूंऐवजी त्याच हिशोबाने लाडू वाटले, पण फक्त दाखवून परत घेणार होतो. तुझ्या गळ्याची शपथ. (बरं, माझ्या.)

पण ही काळाचौकीची पोरं. चालायला लागायच्या आधी मंडळाच्या कामाला लागलेली. हातात तीस लाडू येताच चार श्रीमंतांनी दोन मिनिटांत कार्यकारिणी केली: अध्यक्ष, कार्याध्यक्ष, खजिनदार, सल्लागार. फळ्यावर 'भव्य लाडूवाटप' लिहिलं, खाली सौजन्य म्हणून स्वतःचीच नावं, माझं नाव कोपऱ्यात. मला वाटलं, आता गरीब उठाव करतील. कुठलं काय! त्यांनी आपण होऊन मुलांची एक आणि मुलींची एक अशा रांगा लावल्या, आणि गरिबांतलाच मनवा शिट्टी काढून 'एकेक, ढकलाढकली नको' करत फिरायला लागला. मधल्या सोळांनी आपले नऊ गुपचूप तोंडात टाकले आणि वर तक्रार केली, की सगळा बोजा आमच्यावरच पडतो. तेवढ्यात मुख्याध्यापिका आल्या, त्यांना पाहुण्या म्हणून दोन मिळाले, त्यांनी 'अध्यापन उत्तम' असा शेरा दिला. मग मधली सुट्टी झाली आणि कार्यकारिणी उरलेले लाडू घेऊन थेट शेजारच्या तुकडीत आपल्या दोस्तांकडे गेली. रांग तिथेच उभी राहिली.

वीस जणांचा तो एक लाडू मात्र शाबूत होता. वाटायचा कसा, यावरच त्यांचं अडलं होतं. माया नावाची एक मुलगी आहे, वर्षभर तोंड उघडत नाही. ती तो हातात धरून म्हणाली, "सर, पण हे लाडू मुळात कुणाचे होते?"

आत्या, पंधरा वर्षं मी हा धडा शिकवतोय. हा प्रश्न माझ्या वहीत कधीच नव्हता. मी खरं ते सांगितलं, की एका बाळंतिणीचे. मायाने लाडू डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि डबा माझ्याकडे दिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चार वाजता मी वॉर्डात. चाळिसांच्या डब्यात एक लाडू गडगडत होता. पूर्वीने झाकण काढलं आणि बघतच राहिली. "एकच? म्हणजे आईचा राग अजून गेला नाही," म्हणाली आणि बाळाकडे तोंड फिरवून रडायला लागली. तेव्हा आत्या, माझ्या अपराधासाठी माझे कान उपट, पण चाळीस लाडू पुन्हा वळ आणि लौकर धाड. नाहीतर ती आयुष्यभर तो एकच लाडू मोजत बसेल.

तुझा नालायक भाचा,
राजा

ता.क. लाडू वळू नकोस. मी तिला तिथल्या तिथे सगळं कबूल केलं होतं. रडता रडता इतकी हसली, की टाके दुखले आणि नर्सने मला बाहेर काढलं. हे पत्र तिनेच लिहायला लावलंय. म्हणते, "माझ्या मायेने आई जागची हलणार नाही, पण तुझा राग आला तर पहिल्या एसटीने येईल." रामजीने शुक्रवारच्या गाडीत खिडकीची जागा धरून ठेवली आहे. येताना काठी आण.

ता.क. दुसरा. बाळ तुझ्यावर गेलंय. सगळे बोलतात, हे कपाळाला आठ्या घालून बघत राहतं.

ता.क. तिसरा, हा पूर्वीला न दाखवता लिहितोय. तो लाडू तिने अजून खाल्लेला नाही. उशाशी ठेवलाय, आईच्या हातून खाईन म्हणते. डिंकाचा झाला म्हणून किती दिवस टिकेल, आत्या? ये.