बेसिनात ओतलेली पावडर

सूनबाई,

रोज सकाळी तू प्रथिनांची पावडर पाण्यात ढवळून पेला माझ्या हातात देतेस, "बाबा, तळाचं टाकू नका" म्हणतेस आणि कामाला जातेस. तुझी पाठ वळली की मी तो बेसिनात ओततो. डायलिसिसवाल्याला दिवसाचं पाणी मोजून मिळतं. तो पेला घेतला तर संध्याकाळच्या चहावर पाणी सोडावं लागतं, आणि माझा जीव त्या चहात अडकलेला.

काल आहारतज्ज्ञ बाईंनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला. डायलिसिसमध्ये प्रथिनं वाहून जातात, ती भरून निघत नाहीत, अंगावर मांस उरलं नाही, असं म्हणून त्या तुझ्याकडे वळल्या. "घरी यांच्या खाण्याकडे कुणी बघतं की नाही?" तू मान खाली घातलीस. मी त्या गावचाच नाही अशा थाटात छताकडे बघत बसलो.

घरी आल्यावर तू हळूच विचारलंस, "बाबा, माझ्या हातचं गोड लागत नाही का?"

"तोंडालाच चव नाही गं," मी म्हणालो. तेही खोटंच. फार लाज वाटते, पोरी.

हे पत्र तुला देणार नाही. दिलं तर मी सुटेन आणि तू एकटी वाचत बसशील. स्वयंपाकघरात तुझा चमचा वाजतोय. पेला घेऊन आलीस की आधी तोंडाने सगळं सांगेन. मग तू काय बोलायचं ते बोल. मी खाली मान घालून ऐकेन, आणि तुझ्यासमोर पिईन.

तुझा खोटारडा सासरा