शोकगीतातला लांडगा

तीर्थरूप गोदलीव्ह मावशीच्या चरणी हिल्केचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (एरवी ‘काय गं मावशे’ म्हणून सुरुवात करणारी पोरगी आज एकदम चरणांपर्यंत कशी वाकली, असं तुझ्या मनात आलंच असेल. येऊ दे. पत्र शेवटपर्यंत वाच म्हणजे झालं.) तुझा गुडघा कसा आहे? आणि ओमेरकाकांची कबुतरं आली का परत? उन्हाळाभर आम्ही तिघांनी तुमच्या माळ्यावर तालीम केली आणि त्यांची शर्यतीतली तीन कबुतरं घरी यायचीच बंद झाली, हा निव्वळ योगायोग आहे असं त्यांना एकदा तरी पटवून दे. सिरिलचं म्हणणं, त्याच्या बासरीच्या सुरानं जनावरं ओढली जातात. जातात खरी, पण ती शेजारची मांजरं होती.

मावशी, तुझे उपकार कुठून मोजायला घेऊ? माळा दिलास, दोन महिने बटाटे-कालवण खाऊ घातलंस, आणि स्पर्धेच्या दिवशी माझं ते ‘लठ्ठ व्हायोलिन’ (गांबा म्हणतात गं त्याला, आता सहा वर्षं झाली!) तुझ्या व्हॅनमध्ये घालून भर पावसात ब्रुगला आणलंस. वर तुमच्या गावचे चक्क्याचे टार्ट चोवीस. सिरिलनं स्पर्धेआधीच नऊ खाल्ले आणि मग बासरीत फुंकायला पोटात जागा नाही म्हणून कुरकुरत बसला. तुला ठाऊकच आहे, यंदाची संधी शेवटची होती. जुन्या संगीताच्या तरुण मंडळींची स्पर्धा म्हणजे तिशीच्या आतल्यांची, आणि सिरिल नोव्हेंबरात तीस पूर्ण करतो. त्यातून हार्पसिकॉर्ड, म्हणजे पियानोचं ते आजोबा-वाद्य, वाजवणाऱ्या आमच्या बाव्होनं सासऱ्यांना शब्द दिलेला: या खेपेला बक्षीस नाही मिळालं तर सोमवारपासून तुमच्या कौलांच्या दुकानात. बाव्हो कौलांत गेला की आमची तिकडी संपली. म्हणजे काय ते समज, आम्ही देवाचं नाव घेऊन आलो होतो.

आणि देवानं काय केलं, तर अर्ज बाव्होला भरायला लावला. (बाव्होनं याच वाद्याच्या जुळणीवर दोनशे पानांचा प्रबंध लिहिलाय. अशा माणसाला साधा अर्ज भरायला देऊ नये, हे मी आता शिकले.) स्पर्धेवाले हार्पसिकॉर्ड देतात, आणि ते कुठल्या पट्टीत, कुठल्या पद्धतीनं लावून ठेवायचं हे अर्जात लिहायचं असतं. आमची पट्टी आजच्यापेक्षा अर्धा सूर खाली. बाव्होनं लिहिली आजची. सकाळी वाद्याला हात लावतो तर काय, सिरिलची बासरी एकीकडे आणि हार्पसिकॉर्ड दुसरीकडे! तारांचं वाद्य पिळून खाली आणता येतं, लाकडाच्या बासरीला कोण पिळणार? वाद्य लावणारे गृहस्थ शिंपले खायला निघून गेलेले, आणि आमच्या पाळीला वीस मिनिटं.

‘घाबरता काय?’ बाव्हो म्हणाला. ‘बोटांखालच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सगळा सांगाडा एक घर डावीकडे सरकवायचा. त्यासाठीच केलेलं असतं ते.’ त्यानं बाजूची बोटभर लाकडी पाचर काढली, सांगाडा ढकलला, एक सूर दाबला. बासरीशी तंतोतंत जुळला! आम्ही तिघांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. एकच सूर तपासला होता, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आता जरा धंद्यातली गोष्ट, कंटाळू नकोस. जुन्या पद्धतीनं वाद्य लावलं की बहुतेक सूर मधासारखे गोड लागतात, पण त्या गोडव्याचा सगळा कडूपणा एका कोपऱ्यात जाऊन साठतो. त्या कोपऱ्यातले दोन सूर एकत्र दाबले की ते अक्षरशः विव्हळतात. आम्ही त्याला लांडगा म्हणतो आणि तिकडे बोट फिरकू देत नाही. सांगाडा सरकवल्यावर लांडगा नेमका कुठे आला, तर आमच्या शोकगीताच्या मुख्य सुरावर! मेलेल्या लेकरासाठी रडणाऱ्या आईचं ते गाणं, चौदा वेळा फिरून त्याच जागी येतं. तू ऐकलंसच, पहिल्यांदा बाव्होचे हात तिथे पडले आणि अख्ख्या चर्चमध्ये काहीतरी ओरडलं. सिरिलचे कान मिरचीसारखे लाल. बाव्होचा चेहरा असा, की कौलं डोळ्यांपुढे दिसत असावीत. मी गांबा छातीशी आवळली आणि म्हटलं, मर मेल्या, पण वाजव! आणि गंमत सांगू? चौथ्या-पाचव्या खेपेपासून मला भीतीच वाटेना. ती आई खरंच रडते आहे असं वाटायला लागलं आणि माझ्याही डोळ्यांतून पाणी आलं. बाव्होही लांडग्यापाशी जरा थांबून, हळुवार हात ठेवायला लागला.

संपल्यावर टाळ्या नाहीत. मला वाटलं, आटोपलं! मग मुख्य परीक्षक बाई (पांढरा बॉबकट, गळ्यात चष्मा, आयुष्यात कुणाला चांगलं म्हटलं नसेल असा चेहरा) उठून आमच्यापाशी आल्या. म्हणाल्या, ‘आईच्या आक्रोशावर लांडगा आणून बसवायचं धाडस मी आजवर पाहिलं नव्हतं. विचारपूर्वक केलंत?’ बाव्होला खोटं बोलता येत नाही. त्यानं तोंड उघडलं, मी त्याच्या पायावर पाय दिला. तो कळवळून म्हणाला, ‘बाई, या विषयावर माझा दोनशे पानांचा प्रबंध आहे!’

पहिलं बक्षीस मिळालं, मावशी. ध्वनिमुद्रिका निघणार, ऑक्टोबरात कार्यक्रम. बाव्होचे सासरे रडले (आनंदानं की कौलांसाठी, ते विचारलं नाही). संध्याकाळी बाव्होला राहवलं नाही, त्यानं बाईंना खरं काय ते सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, ‘चूक कुणीही करतो हो. चौदा वेळा तिच्यापाशी थांबतो कोण?’ हे सगळं तुझ्यामुळे. तुझा हात माझ्या डोक्यावर असाच राहू दे.

तुझीच,
हिल्के

ता. क. – एक छोटंसं काम होतं. मुद्रिकेत तोच लांडगा हवाय, पण तो पुन्हा सापडत नाही. बाव्होनं सात तऱ्हांनी वाद्य लावलं. नुसतं बेसूर वाजतं, रडत नाही. स्पर्धेवाल्यांचं रेकॉर्डिंगचं यंत्र त्या दिवशी बंदच राहिलं होतं. तू पहिल्या रांगेतून फोनवर घेतलंयस ते पाठवशील का?

ता. ता. क. – आता खरं लिहिते. स्पर्धकांच्या घरच्या माणसानं रेकॉर्डिंग केलं तर स्पर्धक बाद, अशी पाटी दाराशीच होती. सुरू होण्याआधी स्पर्धेचा एक बिल्लेवाला माणूस मंचाशी येऊन, ‘ती फोनवाली बाई तुमची कोण?’ म्हणाला, तेव्हा मी सांगितलं, ‘कुणी नाही, ओळखत नाही.’ तू सहा पावलांवर होतीस. ऐकलंस की नाही कोण जाणे. नंतर तू उरलेले टार्ट हसत हसत वाटलेस, आणि मी माझ्या वाट्याचा गुपचूप सिरिलला देऊन टाकला. मला माफ कर.

ता. ता. ता. क. – पाकीट चिकटवणार, तोच तुझं रेकॉर्डिंग आलं! न मागता. मी सुरुवातीपासून ऐकलं. तो माणूस माझ्याकडे यायच्या आधी तुझ्याकडे आला होता हे मला ठाऊकच नव्हतं. तुझा आवाज अगदी स्वच्छ आलाय: ‘छे हो, यातलं कुणी माझं नाही. पावसाला कंटाळले, म्हणून आत येऊन बसले.’ मावशे, सहा वर्षं मी कुठेही वाजवलं की शेजारच्याला ढोसून ‘ती माझी भाची’ म्हणणारी तू! ऑक्टोबरातल्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेतली मधली खुर्ची तुझी. मी मंचावरून सगळ्यांना सांगणार आहे, ही माझी मावशी. तूही वाटेल तितक्या मोठ्यानं सांग.

फोन तेवढा घरी ठेव.