एकोणीस दिवसांची हिरवी पट्टी

बंगळुरू, शुक्रवार

बाबा,

तुमच्या आणि आईच्या पाया पडते. मी बरी आहे, जेवते वेळेवर. लूमच्या आवाजाने तुमचे कान गेले, फोनवर बोलणं होत नाही, म्हणून लिहिते.

इथे शेकडो कॉम्प्युटर एकत्र जोडलेत. संशोधक त्यांवर मोठमोठी गणितं लावतात. प्रत्येक गणिताची एक पट्टी माझ्या स्क्रीनवर दिसते, चालू असेल तर हिरवी, बंद पडलं की लाल. शेलार गावात तुम्ही कापडाचे आठ लूम सांभाळायचात, तसंच.

तुम्ही म्हणायचात, "लूमपुढं मानूस न्हाय तर लूम बंद कर." तीच सवय मला नडली. सोमवारी बघितलं तर एक पट्टी एकोणीस दिवसांपासून हिरवी होती, पण गणित लावणाऱ्याने दहा दिवसांत एकदाही बघितलं नव्हतं. रांगेत बाकीचे खोळंबलेले. मी ती बंद केली. आधी गणित लावणाऱ्याला फोन करायचा नियम आहे, तो मी पाळला नाही.

ते गणित लावणारे प्रोफेसर हॉस्पिटलमध्ये होते. गणित मध्येच तुटलं, हाती काहीच राहिलं नाही. बुधवारी ते वारले.

काल त्यांची बायको आली. "उनका काम चल रहा है ना?" तिने विचारलं. मी हो म्हटलं.

कुणालदादा फोनवर सांगतो, तुमचा खोकला थांबलाय. विचारलं की तोही माझ्यासारखाच लगेच हो म्हणतो. म्हणून बाबा, तुम्ही स्वतःच्या हाताने लिहा. दोन ओळी पुरतील, पण खऱ्या लिहा.

तुमची,
मृणाली