हळूच म्हटलेलं 'डाऊन'

वॉलनट फोर्ड, आयोवा
१४ नोव्हेंबर १९०९

प्रिय ऑरिन,

तेरा वर्षांनी माझं अक्षर बघून तू पाकीट न फोडताच चुलीत टाकशील, अशी भीती वाटते. टाकू नकोस.

आज सकाळी कॉलेजच्या मैदानावरून आलो. नदीवरून धुकं उतरलं होतं, कुठेतरी पाला जळत होता, आणि त्या धुरकट उजेडात मला आपल्या वेळची पोरं दिसायला लागली. डोकं फुटू नये म्हणून उन्हाळ्यापासून वाढवलेल्या झिपऱ्या, चिखलाने जड झालेले स्वेटर. पाच कॉलेजांनी नुकतीच संघटना बांधली होती, तिचा तो पहिलाच फुटबॉलचा हंगाम. एकाच गल्लीतले आपण, तू दुसऱ्या कॉलेजच्या संघात आणि मी इथल्या. तुझी आई म्हणायची, कुणीही जिंका, जेवायला दोघं माझ्याकडेच येणार.

आताच्या पोरांना सांगून पटत नाही, पण तेव्हा चेंडू घेऊन पळणाऱ्या गड्याला पकडून पाडलं, तरी त्याने स्वतःच्या तोंडाने 'डाऊन', म्हणजे 'पडलो', म्हटल्याशिवाय खेळ थांबत नसे. तोवर त्याला खुशाल ओढा, तुडवा. शेवटच्या सामन्यात तू मला चिखलात दाबून धरलंस. माझा श्वास कोंडला. मी 'डाऊन' म्हटलं, अगदी हळू, तुझ्या कानाशी. तू लगेच हात सोडलेस. पंचाने ऐकलंच नव्हतं. समोर मोकळं मैदान होतं आणि मी चेंडू घेऊन उठलो, तुमच्या गोलरेषेकडे पळत सुटलो. किती वेळ पळत होतो देव जाणे, पायाखाली जमीन आहे असं वाटतच नव्हतं.

मग तू भांडलास आणि पंचाने मला विचारलं, 'डाऊन' म्हटलं होतंस का. मी नाही म्हणून मान हलवली. आम्ही विजेते ठरलो. तुझ्या लोकांनी तुला खोटारडा म्हटलं, गल्लीतल्या दोस्ताला मुद्दाम सोडलं म्हणून फितूर म्हटलं, आणि बर्फ वितळायच्या आत तू मोंटानाची गाडी धरलीस. मला लाज वाटली, ऑरिन. पण जिंकल्याची गोडीही वाटली, हेही खरं.

तेव्हापासून तुझ्या आईचं सरपण मीच फोडून देतो. फार चांगला आहेस रे, म्हणायची. ते ऐकवेना, म्हणून गेल्या मंगळवारी तिच्या स्वयंपाकघरात सगळं सांगून टाकलं. ती सफरचंदं सोलत होती. सुरी थांबली नाही.

"माझा ऑरिन खोटं बोलत नाही, हे मला तू कशाला सांगायला हवंस?" ती म्हणाली. "त्याला लिही. आणि तो स्वतः तुला घेऊन येईपर्यंत या घरात पाऊल टाकू नकोस."

म्हणून लिहितोय. संघटनेच्या चिटणीसालाही कळवलंय. लाकडं मी फाटकाशी ठेवून येतो. तिथून आत न्यायला तिला आता एका वेळी दोनच उचलता येतात. ये.

म्हणू देशील तर तुझाच,
हायरम