अण्णांच्या गाण्याखालचा बेस

१७ जाने., शनि.

आज तिसरं दुकान. तिसऱ्यांदा तोच प्रश्न, "मॅडम, बेटे के लिए?" पहिल्या दोन दुकानांत हसून सांगितलं होतं, माझ्यासाठी. आज हसले नाही. तरी त्यानं लाल रंगाचाच काढला, लेडीज लोगों को ये पसंद आता म्हणे. मी रंग विचारलाच नव्हता. लॅपटॉपला जोडल्यावर घूं-घूं येते का ते विचारलं होतं, आणि ते त्याला माहीत नव्हतं.

हवंय काय ते एकदा इथं लिहून ठेवते. एक बेस गिटार. खिशाला झेपेल असा. अण्णांच्या संथ गाण्यांखाली गोल, मऊ वाजला पाहिजे आणि जयंतीच्या मिरवणुकीच्या गाण्यांना धक्का दिला पाहिजे. घरातच रेकॉर्डिंग, तेही नारायणगुड्याच्या फ्लॅटमध्ये, म्हणजे मोठा स्पीकर नको. एवढंच. एवढंच सांगून तीन शनिवार गेले.

अण्णांचं ऑपरेशन २४ फेब्रु.ला. थायरॉइडची गाठ आवाजाच्या नसेला लागून आहे. आवाज तसाच राहील, बदलेल, आत्ता काही सांगता येत नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. अण्णा बाहेर बाकावर बसून मला म्हणाले, "सात गाणी हायेत माझी. कुठंच उतरवून घेतली नाहीत बघ." मी घेते म्हटलं. मुलीनं बापाला इतकं तरी.

पद्धत ठरलेली आहे. आधी ताल, त्यावर बेस, मग हेडफोन लावून अण्णांनी वरून गायचं. सगळे असंच करतात.

२० जाने., मंगळ.

डबा खाताना चार व्हिडिओ पाहिले. एक म्हणतो चार तारा पुरे, पाच म्हणजे मिरवणं. दुसरा म्हणतो पाचवी तार नसेल तर घेऊच नका. तिसऱ्यानं पंधरा मिनिटं स्वतःची दाढी दाखवली आणि शेवटी दोन सूर वाजवले. चौथा म्हणाला, सगळं तुमच्या बोटांवर असतं. मग व्हिडिओ कशाला काढलास बाबा?

संजय म्हणतो, की-बोर्डवर बेसचा आवाज असतोच, तोच दाब की. वीस वर्षं झाली लग्नाला, मी कॉलेजात बेस वाजवायचे हे त्याला अजून खरं वाटत नाही. बँडमधल्या बाकी पोरींना गायचं होतं, बेस कुणालाच नको होता, म्हणून माझ्या गळ्यात पडला. मग आवडला. लग्नानंतर सुटला, त्याबद्दल आज लिहीत नाही.

२३ जाने., शुक्र.

ऑनलाइन मागवला. काळा, चार तारी. पार्सल उघडताना अण्णा खुर्ची ओढून बसले होते.

"एवढ्या लाकडाला चारच तारा?"

म्हटलं, अण्णा, हा खालचा आवाज देतो. म्हणाले, आमच्या गाण्याच्या पार्टीत ते काम ढोलकीचं, डाव्या हातानं दाबलं की खालचा आवाज. त्याला करंट लागत नव्हता.

दांडा लांब आहे. पहिल्या पडद्यापर्यंत, म्हणजे दांड्यावरच्या पहिल्या धातूच्या पट्टीपर्यंत, हात पोचवताना खांदा उतरतो. सवय होईल.

२५ जाने., रवि.

झालं कल्याण. फोनवरच्या ट्यूनरनं चारही तारा नीट लावल्या, हिरवा दिवा आला. अण्णांनी पेटीवर सूर धरला. मी तोच सूर वाजवला तर दोन्ही आवाज एकमेकांना घासायला लागले. किंचितच फरक, पण दाताखाली खडा यावा तसा. वर गेले, खाली आले, सगळीकडे तेच. म्हणजे पडदेच चुकीचे ठोकलेत. स्वस्तात घेतला, भोगा.

अण्णा: "राहू दे बाई. मी नुसता गातो, तू घे उतरवून."

नुसतं नाही अण्णा. नीट करायचंय. किती वेळा सांगू.

परत पाठवायचा फॉर्म भरला. 'परत करण्याचे कारण' या रकान्यात मोठा निबंध लिहिला, पन्नास अक्षरांच्या पुढे तो घेईचना.

३१ जाने., शनि.

हिमायतनगर. काचेचं दुकान, एसी, भिंतभर गिटारी. इथल्या तरुणानं बेटे के लिए विचारलं नाही, म्हणून त्यालाच पैसे दिले. पाच तारी. बजेटच्या बाहेर, पण नाही पटला तर आठवड्यात परत घेतो म्हणाला. जड इतका की ऑटोत मांडीवर घेतला तर पाय बधिर.

१ फेब्रु., रवि.

तेच!! पाच तारी, महाग, हिरवा दिवा, आणि पेटीसमोर तस्साच घासतो. अण्णा दोन ओळी गाऊन थांबले आणि खोकले. आज पहिल्यांदा आवाज जरा फाटल्यासारखा वाटला. मला भीती वाटली आणि ती मी संजयवर काढली, कुकरची शिट्टी रेकॉर्डिंगमध्ये आली म्हणून. कुकर मीच लावला होता.

३ फेब्रु., मंगळ.

ऑफिसातून अर्धा दिवस सुट्टी टाकून दुकानात. मी तावातावानं बोलले, ऐकणाऱ्यांत दोन गिऱ्हाईकंही होती. त्या तरुणानं शांतपणे बेस लावला, मशीनला जोडला, एकेक पडदा दाखवला. सगळे सूर बरोबर. मग म्हणाला, मॅडम, घर में दूसरा इन्स्ट्रुमेंट चेक करवाओ.

अण्णांची पेटी! म्हणजे इतके दिवस... पैसे परत केले त्यानं. वर पाणीही दिलं. अजून लाज वाटते.

घरी येऊन अण्णांना सांगितलं, पेटी बिघडली आहे, लावून आणते. ते म्हणाले, "पेटी नाही बिघडली." म्हातारपणी हट्ट वाढतो. मी वाद घातला नाही, शनिवारी नेतेच म्हटलं.

७ फेब्रु., शनि.

गौलीगुडा. बस स्टँडमागच्या गल्लीत बशीरभाई पेट्या दुरुस्त करतात, जुनी वाद्यंही विकतात. अण्णा हट्टानं बरोबर आले. पेटीला स्वतःच्या मफलरात गुंडाळून ऑटोत मांडीवर घेतली, माझ्याकडे द्यायला तयार नव्हते.

मी बशीरभाईंना सांगितलं, हिचे सूर या फोनप्रमाणे करून द्या. त्यांनी झाकण काढलं, एकेक पितळी पत्ती वाजवून पाहिली, मग पट्ट्यांच्या जोड्या लावून ऐकत राहिले. कानस हातात घेतली आणि परत ठेवली. अण्णांना विचारलं, ही कुणी लावली? अण्णांनी सांगितलं. परभणीला होते तेव्हा पार्टीतल्या नऊ जणांनी मिळून पेटी घेतली. कारागीर दोन दिवस बसला. अण्णा गायचे, तो पत्ती घासायचा, हे मान हलवेपर्यंत. मुख्य गवयाच्या गळ्यावर पेटी लावायची आणि बाकी सगळ्यांनी पेटीला लावून घ्यायचं, ही त्यांच्या पार्टीची रीत. फोनला विचारायची रीत नव्हती.

हे मला कधी सांगितलं नाही म्हटलं. म्हणाले, तू कधी विचारलं?

बशीरभाई मला म्हणाले: "बाजी, पेटी एकदम सही है. पूरी की पूरी दुनिया से जरा ऊपर बैठी है, बस. पत्ती घिसा तो अब्बा का सुर गया, फिर नै आता. तार चढ़ाने का छोड़के पेटी कैकू काटते?"

तारा वर चढवायच्या! खुंटी किंचित पिळायची, एका मिनिटाचं काम. त्यासाठी मी दोन बेस परत केले, एका भल्या माणसाला चारचौघांत सुनावलं आणि ज्या पत्त्या पुन्हा कधी तशा झाल्या नसत्या त्या घासायला घेऊन आले. फोन हिरवा झाला म्हणजे खरं, इतकी मी शिकलेली. बशीरभाईंच्या समोरच डोळ्यांत पाणी आलं. अण्णा दुसरीकडे बघत बसले. ते मला अजून लागलं.

भिंतीवर एक आखूड दांड्याचा चार तारी बेस टांगला होता. जवळच्या चर्चमध्ये बारा वर्षं दर रविवारी वाजलेला, वाजवणारा मुलाकडे बंगळूरला गेला. बोटांच्या जागी रंग उडालाय. हात सहज पुरतो. आवाजाचं बटण मागं फिरवलं की गोल, पुढं केलं की ठोकतो. पहिल्या दिवसापासून हेच मागत होते. घेतला, पहिल्याच्या निम्म्या किमतीत. बशीरभाईंनी पेटी तपासल्याचे पैसे घेतले नाहीत.

८ फेब्रु., रवि.

बेस पेटीला लावला. बरोब्बर बसला. अण्णांनी मान हलवली. दुपारी दोन गाण्यांचा ताल आणि बेस करून ठेवला, मला वाटलं आता सुटलो.

संध्याकाळी अण्णांना हेडफोन लावला. ते ओळ म्हणतात आणि थांबतात. लॅपटॉपचा ताल पुढे जातो, हे थांबलेले. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथंच थांबतात. असं सहा वेळा. सातव्यांदा मी ओरडले, "अण्णा, थांबू नका ना मध्येच!"

त्यांनी हेडफोन काढून व्यवस्थित टेबलावर ठेवला. म्हणाले, "तिथं कोरस हाय. ते म्हणल्याशिवाय मी पुढं कसा जाऊ?"

कोरसमधले आता दोघंच आहेत, त्यातला एक अंथरुणाला खिळलेला. अण्णा उठून गॅलरीत गेले. संजय चहा घेऊन गेला त्यांच्याकडे. मला दिला नाही, बरोबरच केलं.

१० फेब्रु., मंगळ.

हॉस्पिटलचा फोन. २४ ला डॉक्टरबाई बाहेरगावी आहेत, ऑपरेशन १७ ला करणार, १६ ला सकाळी भरती व्हा. मी हो म्हटलं आणि मग कॅलेंडर बघितलं. एकच शनिवार-रविवार उरलाय. महिनाभर मी दुकानं फिरत होते आणि अण्णा घरात रिकामे बसले होते, गळा शाबूत असताना. "मी नुसता गातो" हे ते किती वेळा म्हणाले! मला नीट करायचं होतं. कुणाला दाखवायला, देव जाणे.

अण्णांची माफी मागितली. म्हणाले, "माफी कशाची? शनिवारी किती वाजता बसायचं ते सांग."

१४ फेब्रु., शनि.

ताल नाही, हेडफोन नाही, बेस पिशवीत. अण्णा, पेटी, एक माइक. खिडक्यांना रजया. संजय लिफ्टपाशी उभा, कुणी दार आपटू नये म्हणून.

तीन गाणी झाली. कोरसच्या जागी थांबतात, पेटी चालू असते, मग वरची ओळ घेतात. प्रत्येक वेळी थांबणं वेगळं. त्यांना हवं तितकं.

१५ फेब्रु., रवि.

आणखी तीन. सहाव्याच्या शेवटी गळा बसत चालला. सातवं राहिलं. त्यांचं पहिलं गाणं ते, बाविसाव्या वर्षी लिहिलेलं, माझी आजी रात्रीच्या वर्गात सही शिकली त्यावर. मी म्हटलं, अर्धा तास थांबून बघू या? पाणी पिऊन त्यांनी सूर धरला, आवाज वर चढला नाही. पेटी मिटली.

"एवढं ऱ्हाऊ दे. आल्यावर म्हणतो."

मी हो म्हटलं. काय म्हणणार. आत जाऊन टॉवेलात तोंड घालून रडले. एक महिना, आणि एक गाणं कमी.

१७ फेब्रु., मंगळ.

ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण काढली, साधी आहे असं वाटतंय, डॉक्टरबाई म्हणाल्या, रिपोर्ट यायचाय. नसेला थोडा ताण बसला. आवाजाचं काही आठवड्यांनी कळेल. काही महिनेही लागतात. एक उत्तर धड देत नाहीत ही माणसं.

२२ फेब्रु., रवि.

घरी. रिपोर्ट चांगला. गाठीची काळजी मिटली. बोलायला बंदी, कुजबुजायलासुद्धा. वहीत लिहून मागतात: 'पाणी', 'पंखा', 'संजयला सांग टीव्ही हळू'. अक्षर अजून माझ्यापेक्षा चांगलं आहे.

सहा गाण्यांखाली बेस लावायला घेतला. अण्णांच्या श्वासाबरोबर वाजवावं लागतं, ते थांबले की थांबायचं. एका गाण्याला चार संध्याकाळी जाणार. चिडचिड होते, पण करते.

१ मार्च, रवि.

काल तपासणी. बाईंनी 'आ' म्हणायला लावलं. हवा आली, सूर आला नाही. दीड महिन्यानं पुन्हा या.

येताना ऑटोत मी आवाजाचे व्यायाम, दुसरे डॉक्टर, काय काय बोलत होते. अण्णांनी माझ्या हातावर हात ठेवला, म्हणजे गप्प बस.

आज दुपारी पेटी स्वतः उघडली. मला खुणेनं बेस आणायला सांगितलं. सातव्याची चाल वाजवायला लागले. ओठ हलत होते, आवाज नाही. मी माइक लावला. शेवटपर्यंत वाजवून त्यांनी वही ओढली आणि लिहिलं, 'तू वाजवून ठेव. मी नंतर गातो.'

कोरसच्या जागी किती थांबू, विचारलं. त्यांनी बोटानं स्वतःकडे दाखवलं, म्हणजे मी सांगतो. तिथं आल्यावर त्यांनी हात वर धरला. धरून ठेवला. मी एकच सूर वाजवत राहिले. मग हात खाली आला, आणि आम्ही पुढच्या ओळीवर गेलो.

तीन वेळा चुकले. चौथ्यांदा जमलं. लॅपटॉपवर रेकॉर्डिंगच्या दोन ओळी भरल्या, एकीत पेटी, एकीत बेस. तिसरीवर 'अण्णा' असं नाव घालून ठेवलंय. अजून रिकामी आहे.