लोरेटाचं सकाळचं वजन

२ फेब्रुवारी

व्हिसाचे पेपर्स सरकारकडे गेले. व्हर्जिनियाच्या नव्या क्लिनिकच्या वकिलाचा एका ओळीचा मेल. एप्रिलच्या मध्यात इथली तीन वर्षं पुरी. नेब्रास्काने माझं नाव पुढे केलं म्हणून या देशात राहता आलं; बदल्यात, जिथे डॉक्टर टिकत नाही अशा या गावात तीन वर्षं काढायची. काढली. आता अ‍ॅशबर्न, सु. आणि ईरा. नवरा आणि लेक एका राज्यात, मी दुसऱ्या, हा संसार एकदाचा संपेल.

अमरावतीला आईला फोन. तिचं पहिलं वाक्य, "कुणाला बोलली नाहीस ना? हातात कागद येईस्तोवर तोंड बंद ठेव. नाट लागते."

चार वर्षांपूर्वी व्हर्जिनियाचंच जवळजवळ ठरलं होतं. मी हौसेने आईला कॉलनीत पेढे वाटायला लावले. आठवड्याने कळलं, त्या राज्याच्या अशा डॉक्टरांच्या जागा भरल्या. म्हणून मग हे गाव, आणि ईरा बापाकडे. तेव्हापासून मीही मानते. पेशंटना अंधश्रद्धेवर लेक्चर देणारी बाई नाट मानते. असो.

फक्त बेव्हला सांगितलं. ती क्लिनिकची मॅनेजर, तिला सांगावंच लागतं. पेशंटना जायचं ते निरोपाचं पत्र मात्र अप्रूव्हल येईपर्यंत थांबव म्हटलं. "तुझी मर्जी," म्हणाली. "पण लोकांना सोय करायला वेळ लागतो."

१० फेब्रु.

लोरेटा आली होती. वय ८१, हार्ट फेल्युअर, नवरा गेलेला, गावाबाहेर चार मैलांवर एकटी. रोज सकाळी सहाला काट्यावर उभी राहते आणि मला नुसता आकडा टेक्स्ट करते. १४२. १४२. १४३. तीन पौंड चढले की समजायचं अंगात पाणी साठतंय; मी पाणी काढायची गोळी वाढवते, ती हॉस्पिटलबाहेर राहते. तीन वर्षं हेच. माझा गजरच तो.

आज फ्रीझरमधली मेथी घेऊन आली, ब्रेडच्या पिशवीत. पहिल्या उन्हाळ्यात मी तिला डब्यातले मेथीदाणे दिले होते, परसात टाकून बघ म्हणून. ती त्याला 'डॉकचं क्लोव्हर' म्हणते, इथल्या तीन पानी गवतावरून. स्वतः खात नाही, कडू लागते. दरवर्षी लावते मात्र, माझ्यासाठी.

निघताना म्हणाली, तिच्या मुलीने, जेनिसने, ओमाहात आपल्या घराजवळ खोली बघितलीय. वृद्धांचं निवास, चोवीस तास नर्स. महिनाअखेरीला हो की नाही सांगायचं. "काय करू डॉक? तू इथे असताना मला कशाला ओमाहा?"

मी म्हटलं, "एवढी घाई काय."

खोटं बोलले नाही. फक्त खरंही बोलले नाही.

१५ फेब्रु. अ‍ॅशबर्न

महिन्यातला माझा वीकेंड. शेजारच्या नव्या मुलीला ईराने माझी ओळख करून दिली, "धिस इज माय मॉम. शी लिव्ह्ज इन नेब्रास्का. शी व्हिजिट्स." मावशी-आत्याची करून द्यावी तशी. आठ वर्षांची आहे. पाच वर्षांची असताना एअरपोर्टवर माझा ओव्हरकोट सोडत नव्हती.

तिलाही अजून सांगितलेलं नाही. सु. म्हणतो, "अगं, पोरीला तरी सांगू दे यार." नको म्हटलं. तिलाच तर सगळ्यात जास्त लागेल, फिसकटलं तर.

२७ फेब्रु.

लोरेटाने ओमाहा नाकारलं. रक्त तपासायला आली होती, खुशीत होती. "जेनिस रागावलीय. मी तिला सांगितलं, माझी डॉक्टर म्हणाली घाई नाही."

असं म्हणाली. माझी डॉक्टर म्हणाली.

तिथेच दार लावून सांगायला हवं होतं. जीभ उचलली होती. पण वकिलाने आणखी कागद मागवलेत, कालच, आणि मनात पेढ्यांचा तो खोका... बीपी घेतलं. १२८/७६. छान आहे म्हटलं.

६ मार्च

काही नाही. बर्फ. १४२.

१९ मार्च

अप्रूव्हल आलं.

सु.ला फोन, आईला फोन. आई रडली, मग म्हणाली, "बघ, बोलली नाहीस म्हणून झालं." सु.ने ईराला सांगितलं. ती म्हणे, "फॉर हाऊ लाँग?" त्याने नेहमीसाठी म्हटल्यावर "ओके" म्हणाली आणि खेळायला गेली.

बेव्हने दुपारी पत्रं टाकली. सगळ्यांना एकच मजकूर, खाली माझी सही. प्रिय पेशंट. शुक्रवार, १७ एप्रिल हा माझा शेवटचा दिवस. आनंद व्हायला हवा होता. गाडीत बसून राहिले, किल्ली हातात.

२१ मार्च

सकाळी लोरेटाला गाठायचं ठरवलं होतं, पत्राच्या आधी. इथलं टपाल कधी नव्हे ते वेगात.

सहाला आकडा आला नाही. सव्वासातला आला. १४३. खाली पहिल्यांदाच एक ओळ. 'पत्र मिळालं.'

२३ मार्च

अपॉइंटमेंट नसताना आली. कोट काढला नाही. खुर्चीवर टेकलीही नाही.

"त्या दिवशी मी विचारलं तेव्हा तुला माहीत होतं?"

हो म्हटलं.

"मग बोलली का नाहीस?"

काय सांगू? की आमच्याकडे होईपर्यंत बोलत नाहीत, बोललं की होत नाही? सांगितलं, तसंच, वेड्यासारखं. पेढ्यांचंही सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं. तिचा नवरा पेरणी झाल्यावर उगवून येईपर्यंत कुणाला विचारू द्यायचा नाही, म्हणाली. मला वाटलं, समजलं तिला. मग म्हणाली, "पण ते त्याचं शेत होतं, डॉक."

ती दार हळूच लावून गेली. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

२४ मार्च

जेनिसचा फोन. ओरडली नाही. ती खोली गेली, आता वेटिंग लिस्ट वर्षाच्या पुढची आहे. आई दुसरीकडे कुठे बघायलाही तयार नाही. "तुम्ही एक शब्द बोलला असतात तर बास होतं."

सॉरी म्हटलं. स्वस्त शब्द आहे. इथे दुकानात धक्का लागला तरी म्हणतात.

२९ मार्च

सु.ला विचारलं, अजून सहा महिने राहिले तर? इथे नवा डॉक्टर मिळेपर्यंत.

म्हणाला, "तुझा निर्णय. पण ईराला तू सांगायचंस. मी नाही सांगणार आता." आणि, "तिथे डॉक्टर मिळत नाही म्हणूनच तर तुला नेलं होतं ना? सहा महिन्यांत कुठून उगवणार?"

बरोबर आहे त्याचं. चिडले मात्र त्याच्यावरच.

३० मार्च

ईराला व्हिडिओ कॉल. सांगायला तोंड उघडलं. तिने कॅमेरा फिरवला आणि कपाटातला एक कप्पा दाखवला. रिकामा. "धिस इज युअर्स. बाबा सेड यू हॅव अ लॉट ऑफ बुक्स."

नाही सांगितलं. जाणार मी.

१७ एप्रिल

शेवटचा दिवस. केक, कार्ड, बेव्हचं रडणं. हायस्कूलच्या कोचने दोन्ही हातांत माझा हात धरला. लोरेटा नाही. सकाळचा आकडा मात्र आला होता. १४२. खाली ओळ नाही.

निघताना रिसेप्शनवर गोळ्यांची जुनी बाटली मिळाली, तिच्याच नावाच्या लेबलची. आत मेथीदाणे. गेल्या वर्षी एक वाफा खुडला नव्हता, बियाण्याला ठेवला होता म्हणे. म्हणजे पुढच्याही उन्हाळ्याची तयारी केली होती बाईने.

गाडीत बसून मनसोक्त रडले. मग निघाले. दोन दिवसांचा रस्ता.

२५ एप्रिल. अ‍ॅशबर्न

कप्पा भरला. ईरा शाळेतून येते, दप्तर टाकते, "बाबा!" अशी हाक मारते. सवय. मग मी दिसते.

इथे सकाळी सात, तिकडे सहा. आकडा अजून येतो. मी बेव्हला कळवलं, बेव्हने तिला सांगितलं की आता क्लिनिकला कळवायचं. मीही लिहिलं, 'प्लीज कॉल द क्लिनिक.' तिचं उत्तर, 'तिथे मशीन बोलतं.'

नवी डॉक्टर नाही. आठवड्यातून दोन दिवस एक नर्स येते, साठ मैलांवरून.

६ मे

ईराला बसपर्यंत सोडायला जाते आता. हात धरत नाही, पण चालण्याचा वेग माझ्याइतका ठेवते. आज बसमधून मागे वळून बघितलं. बघितलं म्हणजे खिडकीतच बसली होती, दिसलेच असेन. तरी.

१४२. १४३.

१३ मे

१४५. मी लिहिलं, क्लिनिकला आजच फोन करा. तीन पौंड चढलेत. बेव्हलाही फोन केला. तिने "बघते" म्हटलं, पण आवाज ऑफिसचा. मी आता त्यांची नाही, ते बरोबरच आहे.

लोरेटाचं उत्तर, 'तू आधी नुसतं सांगायचीस.'

एक गोळी जास्त घ्या. चार शब्द. टाइप केले, पुसले. आता मी तिची डॉक्टर नाही. रक्ताचा रिपोर्ट समोर नाही, पोटॅशियम माहीत नाही, पायाला सूज किती, माहीत नाही. नियम बरोबर आहे. मला पटतोसुद्धा. त्याचाच संताप येतो.

१५ मे

१४७. जेनिसला फोन केला, तिने उचलला. शनिवारी जाते म्हणाली, आणि शेवटी "थँक्यू", कोरडं. बेव्ह म्हणाली, नर्सने सोमवारची वेळ दिलीय. मी म्हटलं सोमवारपर्यंत थांबू नका, इमर्जन्सीत न्या. लोरेटालाही तेच लिहिलं. 'तिथे कोण ओळखतं मला?' असं आलं.

मी ओळखायचे. आणि फेब्रुवारीत एक वाक्य गिळून बसले. नाट मला लागायची होती, लागली तिला. आईला हे सांगितलं तर म्हणेल, वेडी आहेस, म्हातारं माणूस ते, दुखणं चालायचंच. नाही सांगणार.

१६ मे

१४८. जेनिसचा मुलगा आजारी पडलाय, ती उद्या दुपारी निघेल.

१७ मे, रविवार

सात वाजून गेले. आकडा नाही. साडेसात. नाही. उशिरा उठली असेल. लोरेटा? उशिरा?

फोन लावला, वाजत राहिला. परत लावला. जेनिसला लावला, व्हॉइसमेल. क्लिनिक बंद. मग त्यांच्या काउंटीच्या शेरीफ ऑफिसला, तिकडच्या पोलिसांना. कोण बोलतंय विचारलं. तिची डॉक्टर, म्हणून गेले. मग, नाही, आधीची. पत्ता पाठ होता. तिकडचा माणूस म्हणाला, कुणाला तरी पाठवतो, कळवतो.

सु. म्हणाला, बसून राहू नकोस, काहीतरी कर. ईराला बाल्कनीत कुंडी लावायचीच होती. बाटली आणली. तिने लेबल वाचलं, "हू इज लोरेटा?"

"माझी पेशंट. होती."

"इज शी नाइस?"

"खूप."

मातीत बोटाने रेघा ओढायला शिकवलं, दाणे दाट टाकायचे, वर चिमूटभर माती. मी सारखी फोनकडे बघत होते. "आई, स्टॉप," म्हणाली. कितीतरी दिवसांनी आई म्हणाली. मी फोन उलटा करून कठड्यावर ठेवला, आणि तिने माझा मातीचा हात धरून कुंडीत ओढला, पुढची रेघ ओढायला.

नऊच्या सुमारास फोन थरथरला. एकदाच. ईरा म्हणाली, "यू कॅन लुक."

हात मातीने भरले होते. पुसायला लागले. पुसतच राहिले.