लाल कापडातला बूट

म्युनिक,
दसरा, १९६४

प्रिय श्रीनाथ,

चारचौघांत मी तुला 'अहो' म्हणते, पण आज 'तू'च म्हणणार. रागात 'अहो' निघत नाही रे तोंडातून.

काल दिनकरभावजी इस्पितळातून तुझा निरोप घेऊन आले. पाय मोडलाय, सोमवारी घरी सोडणार, आणि आता शर्यती कायमच्या बंद, असं तू शपथेवर सांगितलंस म्हणे. बिचारे मान खाली घालून बसले होते. मला आधी कळेचना, कसल्या शर्यती? तू तर मोंटाजवर होतास ना? उल्काच्या जन्मापासून दर शनिवार-रविवार कारखान्यांची यंत्रं बसवायला गावोगाव जायचास. शर्टाला एरंडेलाचा वास यायचा, जुन्या शर्यतींच्या दिवसांसारखाच. यंत्राचं तेल आहे म्हणायचास आणि मी मुकाट्याने शर्ट धुवायचे. काय बावळट मी!

ते पहिले दिवस आठवतात? सांगलीच्या शाळामास्तरांचा मुलगा इथे इंजिनिअर व्हायला आला आणि वाळूच्या ट्रॅकवर बिनब्रेकची मोटारसायकल पळवायला लागला. क्लबवाल्यांनी पोस्टरवर तुला महाराजा केलं. फेटा माझ्या लग्नातल्या शालूचा! वळणावर डावा पाय टेकवून तू गाडी आडवी घालायचास, लोक वेड्यासारखे ओरडायचे. मीही ओरडायचे, खोटं कशाला बोलू? पदवी राहिली, खांदा मोडला, बरगड्या मोडल्या, तरी अभिमानच वाटायचा. मग उल्का पोटात असताना तू कुंपणावर आदळलास आणि मी हात टेकले.

तेव्हा डाव्या पायात चढवायचा तो पोलादी बूट तू लाल कापडात गुंडाळून देवापुढे ठेवलास. हा पायात नसला तर कुणालाच वळण घेता येत नाही, म्हणजे माझी शर्यत संपली, असं म्हणालास. मी किती रडले होते तेव्हा! दर खंडेनवमीला त्या बुटाला हळदकुंकू लावलं, कुंडीतला झेंडू वाहिला. बुटाची पूजा बघून शेजारच्या फ्राऊ हुबर हसायच्या.

कालही खंडेनवमीच होती. भावजींनी तुझा दुसरा बूट हातात दिला. हाही देवापुढे ठेव, असा तुझा निरोप. त्याला जागा करायला जुना उचलला, कापड सुटलं आणि तो पहिल्यांदाच माझ्या हातात उलटा झाला. देवापुढची वस्तू उलटी करून कोण बघतं रे? तळ झिजून आरपार गेला होता. बोट घातलं तर पलीकडे निघालं. भंगारात टाकायची वस्तू तू शपथ म्हणून ठेवलीस, श्रीनाथ! सोडवत नाही म्हणाला असतास तर भांडले असते, रडले असते, पण राहिले असते. तू मला चक्क फसवलंस, आणि तेही माझ्याच देवाला मध्ये घालून.

जुना बूट पत्रासोबत भावजींकडे दिलाय. मी उल्काला घेऊन लुडविग्सहाफेनला सुधाताईकडे निघालेय. किल्ली फ्राऊ हुबरकडे आहे. उल्का सारखी विचारतेय, 'वान कोम्ट पापा?' बाबा कधी येणार, याला मी काय उत्तर देऊ? तुझा दुसरा बूट चांगला धडधाकट आहे, अजून बऱ्याच शर्यती निघतील त्यात. तो मी देवापुढे ठेवला नाही, बरोबर नेतेय. पाय बरा झाल्यावर तिसरा बनवावासा वाटला तर खुशाल बनव, आम्हाला कळवू नकोस. नाही वाटला, तर न्यायला ये.

अजून तरी तुझीच,
वसुधा